कात्रीचा किस्सा

ज्यांना दुसऱ्यांची भाषणं लिहून द्यावी लागतात, अशा लोकांसाठी 'चार शब्द' नावाची एक सेवा होती. वर्षाची वर्गणी भरली की दर सोमवारी सकाळी अवतरणं, किस्से, प्रसंग असा ऐवज ईमेलने येऊन पडायचा. शिवाय अडीअडचणीला फोन करता यायचा. बँक मॅनेजरचा निरोप समारंभ आहे, माणूस कोणालाच आवडत नव्हता, तर सुरुवात कशी करू? सांडपाण्याच्या प्रकल्पावर काही हलकंफुलकं आहे का? आमच्या अध्यक्षांना 'ळ' म्हणता येत नाही, तेव्हा बाळ, शाळा, फळा टाळून शिक्षणाबद्दल काहीतरी सुचवा. अशा फोनवर सगळा दिवस जायचा.

ऑफिस एका चष्म्याच्या दुकानावर होतं, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत किस्सेबाई आणि अवतरणकाका समोरासमोर बसत. आतल्या खोलीत सर. सर म्हणजे मालक. उमेदीच्या काळात त्यांनी एका मंत्र्यांची भाषणं लिहिली होती, आणि पुढे मंत्रिपद गेल्यावर हा उद्योग काढला होता.

कोणतं थोर वाक्य नक्की कोण म्हणालं, हे शोधायचं काम अवतरणकाकांचं. इतकी वर्षं शोधून त्यांचं असं मत झालं होतं की बहुतेक थोर वाक्यं कोणीच म्हटलेली नसतात. त्यामुळे स्वभाव जरा उदास झाला होता. सकाळी आले की छत्री कोपऱ्यात ठेवत आणि म्हणत, "कालचं तेही खोटं निघालं."

किस्सेबाईंचं काम त्यामानाने खुशीचं. जुनी वर्तमानपत्रं, आठवणींची पुस्तकं, लोकांच्या मुलाखती यांतून त्या किस्से वेचत आणि घरी नेऊन सासूबाईंवर त्यांचा प्रयोग करत. सासूबाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. रात्री जेवताना किस्सा सांगायचा. मधेच त्या "भाजी वाढ" म्हणाल्या की तो किस्सा बाद. शेवटपर्यंत गप्प राहिल्या तर पास. नवऱ्याचं मत धरण्यात अर्थ नव्हता. तो दातांचा डॉक्टर. दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी एकतर्फी गप्पा मारून मारून घरी आल्यावर तो फक्त 'हं' म्हणायचा, आणि सगळ्याच किस्स्यांना सारखंच म्हणायचा.

'चार शब्द'चा सगळ्यात चालणारा माल म्हणजे कात्रीचा किस्सा. किस्सेबाई नोकरीला लागण्याच्या आधीपासून तो साठ्यात होता. नदीवर नवा पूल झाला. उद्घाटनाला मंत्री आले. फीत कापायला चांदीची कात्री उचलली, तर ती चालेना. तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा शिंपी पुढे आला आणि त्याने खिशातली आपली जुनी कात्री दिली. फीत एका दमात कापली गेली. मंत्र्यांनी विचारलं, आजोबा, एवढी जुनी कात्री, आणि धार कशी टिकली? शिंपी म्हणाला, साहेब, कपाटातली कात्री गंजते, हातातली कात्री चालते.

हा किस्सा कुठेही बसायचा. निवृत्तीला बसायचा, शाळेच्या स्नेहसंमेलनाला बसायचा, विमा कंपनीच्या बैठकीत बसायचा, गुडघ्यांच्या व्यायामावरच्या व्याख्यानातही बसायचा. सभासद तो पुन्हा पुन्हा मागून घेत, जसं घरात पाहुणे आले की तोच ठेवणीतला कपबशांचा संच बाहेर निघतो.

एका मंगळवारी दुपारी एक बाई जिना चढून वर आल्या. साठीच्या पुढच्या, अंगाने सुटलेल्या, पण चालणं ताठ. दारात उभं राहून त्यांनी दम घेतला आणि विचारलं, "किस्से विकतात ते इथेच का?"

"हो, या ना. बसा," किस्सेबाई म्हणाल्या.

बाई बसल्या. किस्सेबाईंच्या कुडत्याच्या खांद्याकडे त्यांनी एकवार बघितलं. "ही शिवण आत घ्यायला हवी. असो. परवा मी जावयाच्या कंपनीच्या कार्यक्रमाला गेले होते. त्यांच्या संचालकांनी भाषणात एक किस्सा सांगितला. पूल, मंत्री, कात्री. खाली उतरल्यावर मी त्यांना गाठलं, हे कुठून आणलंत म्हणून. त्यांनी भाषण लिहिणाऱ्या पोराकडे बोट दाखवलं, आणि त्या पोराने तुमचा पत्ता दिला."

"आवडला का तुम्हाला किस्सा?"

"त्यातला म्हातारा शिंपी म्हणजे मी."

अवतरणकाकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते," टेलरबाई म्हणाल्या. "आणि दिसायला बरी होते. बरी म्हणजे, माणसं विनाकारण बटणं लावून घ्यायला यायची. आणि तुमच्यात कोण, तर आजोबा. हे आजोबा आले कुठून?"

"मला खरंच माहीत नाही," किस्सेबाई म्हणाल्या. "झालं काय होतं ते सांगता का?"

झालं ते असं. टेलरबाईंचं दुकान पुलाच्या तोंडाशीच होतं. उद्घाटनाला वाजवणाऱ्या बँडचे गणवेश त्यांनीच शिवले होते, तेही घाईघाईत. ऐन वेळी एका ट्रंपेटवाल्याची बाही खांद्यातून उसवली. त्या सुईदोरा, कात्री घेऊन धावत गेल्या. बाही अर्धी टाचून झाली होती, तेवढ्यात मंत्री आले आणि बँड सुरू झाला. मंत्री फीत कापायला लागले. कात्री नुसती शोभेची होती. ते कापत होते आणि फीत दुमडत होती. मागून कोणीतरी ओरडलं, कोणाकडे कात्री आहे का? टेलरबाईंनी दिली. फीत कापली गेली, टाळ्या वाजल्या.

"मग मी हात पुढे केला," टेलरबाई म्हणाल्या. "कात्री परत घ्यायला. मंत्र्यांना वाटलं, हात मिळवायला आलीय. त्यांनी मिळवला. त्यांच्या मागे एक चष्मेवाला होता, त्याने तर दोन्ही हातांनी मिळवला. मग रांगच लागली. कलेक्टर, इंजिनिअर, कोण कोण. मी आपली प्रत्येकाला सांगतेय, कात्री, कात्री. बँडच्या आवाजात कोणाला ऐकू जातंय? ते म्हणतायत, आभारी आहोत. ताट गेलं, ताटातली फीत गेली, कात्री गेली. आणि तो ट्रंपेटवाला शेवटपर्यंत एक बाही लोंबती ठेवून वाजवत होता. माझ्या कामाची अब्रू गेली ती वेगळीच."

"आणि ते वाक्य? कपाटातली कात्री गंजते..."

"कसलं कपाट? मी सगळं खुंटीला टांगायचे."

अवतरणकाकांना हसू आलं. ते ऑफिसात हसले, ही गोष्ट किस्सेबाईंच्या स्मरणात पहिलीच.

"तुमची काय अपेक्षा आहे?" किस्सेबाईंनी विचारलं.

"आजोबा काढा आणि बाई घाला. तरुण. बाकी मला काही नको." टेलरबाई उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "ती शिवण मात्र खरंच आत घ्या. वाटेल तेव्हा या, करून देईन."

सर त्या दिवशी बाहेर होते. दुसऱ्या दिवशी किस्सेबाईंनी चहा नेऊन दिला आणि विषय काढला. सरांनी मान खाली घालून कागद चाळायला सुरुवात केली. ते कागद कोरे होते.

"जुना किस्सा आहे," ते म्हणाले. "चाललाय, चालू दे. अशा दहा बायका येतील, की तो शिंपी मी म्हणून."

"मला त्या खोटं बोलतायत असं वाटलं नाही, सर. किती बारकावे सांगितले त्यांनी. कोणत्या वादकाची बाही उसवली होती, हेसुद्धा."

"ट्रंपेटवाल्याची," सर म्हणाले आणि एकदम हसले. "काय लोंबत होती. हात वर केला की बाही खाली, आणि गडी थांबायला तयार नाही..."

मग त्यांच्या लक्षात आलं. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, पण त्यातला जीव गेला. किस्सेबाई समोरच्या खुर्चीवर बसल्या.

"दोन्ही हातांनी हात मिळवणारा चष्मेवाला," त्या हळूच म्हणाल्या.

"मीच तो. मंत्र्यांच्या मागे उभा होतो." सरांनी चहाचा घोट घेतला. "त्याच दिवशी दुपारी त्यांचं कॉलेजात भाषण होतं. गाडीत मला म्हणाले, सकाळचं ते कात्रीचं घाल, पण काहीतरी बोध निघाला पाहिजे. आता कात्री परत मागणाऱ्या मुलीतून काय बोध काढणार? मग मीच काढला."

"पण म्हातारा का केलात?"

"तरुण मुलगी म्हटलं असतं तर मंत्र्यांना घरी उत्तरं द्यावी लागली असती. आणि शहाणपणाचं बोलणारा माणूस म्हातारा असला की लोकांना लगेच पटतं."

"म्हणजे वाक्य तुमचं?"

खिडकीबाहेर चष्म्याच्या दुकानाची पाटी रंगवायला एक माणूस शिडीवर चढला होता. त्याच्याकडे बघत सर म्हणाले, "माझं. इतकी वर्षं दुसऱ्यांची भाषणं लिहिली मी. किती वाक्यं गेली त्याचा हिशेब नाही. सगळी टाळ्या घेऊन विरून गेली. हे एकच टिकलं. कुठेतरी हॉलच्या मागे उभं राहायचं आणि कोणीतरी म्हणतंय, हातातली कात्री चालते. लोक माना डोलावतायत. बरं वाटतं. शिंप्याच्या नावावर का असेना."

मघाशी किस्सेबाई टेलरबाईंची बाजू मांडायला आत आल्या होत्या. आता समोरचा माणूस त्यांना एकदम आपल्या वडिलांच्या वयाचा दिसायला लागला, आणि तसा तो होताच.

"ते काढून टाकू नकोस," सर म्हणाले. "एवढं एकच आहे माझं."

रात्री जेवताना किस्सेबाईंनी किस्सा काढलाच नाही. सासूबाईंनी विचारलं, "आज काही नाही का?" तेव्हा त्यांनी टेलरबाईंनी सांगितलं तसंच्या तसं सगळं सांगितलं. बाही, फीत, हात मिळवणाऱ्यांची रांग, सगळं. वाक्य तेवढं वगळलं. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"मग?" त्या म्हणाल्या. "कात्री मिळाली का तिला?"

"नाही."

"का नाही? कोणीतरी नेलीच असेल ना घरी? ताट कोणाकडे होतं?"

"आणि त्या ट्रंपेटवाल्याचं काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

किस्सेबाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्या शिंप्याचा किस्सा या घरात कितीदा सांगून झाला होता. त्यावर सासूबाई मान डोलवत, नवरा हं म्हणे, आणि विषय मिटे. शिंप्याला कात्री परत मिळाली का, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. आज भांडी घासून होईपर्यंत सासूबाई कात्रीच्या मागे होत्या.

सकाळी किस्सेबाई थेट आतल्या खोलीत गेल्या. "सर, खरा किस्सा जास्त चांगला आहे."

सरांचा चेहरा पडला. "माझ्या वाक्यापेक्षा?"

"वाक्य चांगलंच आहे. पण ते कुठल्या शिंप्याचं नाही, तुमचं आहे. किस्सा त्यांच्या नावाने देऊ, वाक्य तुमच्या नावाने देऊ. दोन वेगवेगळे माल."

दारात अवतरणकाका येऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे तो रंग चढला होता. "सर, मी इतकी वर्षं वाक्यांचे बाप शोधतोय," ते म्हणाले. "एकाचा सापडत नाही. आणि तुम्ही इथे भिंतीपलीकडे बसलाय. जरा सांगाल का, नक्की कोणत्या भाषणात, आधी बोलून दाखवलं की आधी लिहिलं?"

"तुम्ही दोघं बाहेर जा," सर म्हणाले.

दोघं बाहेर गेले. पण किस्सेबाई काही स्वस्थ बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. पंधरवड्यावर सभासदांचा वार्षिक मेळावा आला होता. त्यांनी टेलरबाईंना चष्मेवाल्याचं कळवलं, मेळाव्यात बोलायला बोलावलं आणि सरांना तसं तोंडावर सांगितलंही. सर त्यांच्याशी बोलायचे बंद झाले. काही हवं असलं तर आतून अवतरणकाकांना हाक मारून सांगत, "त्यांना म्हणावं, फाईल द्या." फाईल हातभर अंतरावर असायची. अवतरणकाका निरोप पोचवत. या नव्या कामामुळे त्यांचा दिवस चांगला जायचा.

मेळावा एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. भाषणं लिहिणारी माणसं एकत्र जमली की बघण्यासारखी असतात. मागच्या खुर्च्या आधी भरतात. माईक दिसला की नजर जमिनीकडे जाते. आभार कोणी मानायचे यावरून दरवर्षी चिठ्ठ्या टाकाव्या लागत. सर दाराजवळ उभे होते, वेळ पडली तर निघता यावं अशा बेताने.

टेलरबाई गडद निळ्या, अंगाबरोबर बसणाऱ्या कोटात आल्या. व्यासपीठावर चढून त्यांनी माईक आपल्या उंचीला आणला आणि सुरुवात केली. सुरुवात फार वाईट होती. बँडमधल्या प्रत्येकाच्या छातीचं माप, कापड कुठून आणलं, अस्तराला काय दोष होता, हे सगळं त्यांनी सांगितलं. मागे दोघंतिघं मोबाईल काढून बसले. आपण टेलरबाईंना आधी भेटून थोडं बसवून घ्यायला हवं होतं, असं किस्सेबाईंना वाटायला लागलं.

मग ट्रंपेटवाल्याची बाही उसवली. मोबाईल खाली गेले. मंत्री फीत चावल्यासारखी कापू लागले तेव्हा कोणीतरी फिसकन हसलं. हात मिळवणाऱ्यांची रांग लागली आणि टेलरबाई एकेका काल्पनिक साहेबाच्या तोंडावर वाकून "कात्री, कात्री" म्हणू लागल्या, तेव्हा अख्खा हॉल डोळे पुसत होता. दुसऱ्यांच्या विनोदांवर पोट भरणारी ती माणसं, त्यांना हसवणं सोपं नव्हतं.

हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "त्यातला एक चष्मेवाला इथे आहे, असं मला कळलंय. दोन्ही हातांनी मिळवणारा."

सर दारात होते. बाहेर जायला एक पाऊल पुरलं असतं. किस्सेबाई त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या. सरांनी कोटाची बटणं लावली, पुन्हा काढली, आणि खुर्च्यांच्या मधून चालत पुढे आले. त्यांच्या हातात कागद नव्हता.

"नमस्कार," ते म्हणाले. "म्हातारा शिंपी मी बनवला. असा कोणी नव्हता. कपाटातली कात्री गंजते, ते वाक्य... ते माझं आहे." ते थांबले. पुढे काहीतरी बोलायला हवं हे त्यांना कळत होतं, सगळ्या हॉललाही कळत होतं. शेवटी ते म्हणाले, "एवढंच. मी लिहिलंय ते."

मग मागच्या खुर्च्यांवरून टाळ्या सुरू झाल्या आणि पुढे येत गेल्या. त्या हॉलमधल्या प्रत्येकाचं एखादं वाक्य कुठल्या तरी साहेबाच्या नावावर गेलेलं होतं. काहीजण उभे राहिले. सरांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. त्यांनी ते पाठीमागे घेतले, मग पुढे घेतले, मग चष्मा काढून हातात धरला.

टेलरबाई माईक सुरूच आहे हे विसरून त्यांना म्हणाल्या, "वाक्य तसं छान आहे हो. मी म्हटलं असतं तरी शोभलं असतं."

"मग तुमच्याच नावावर ठेवू का?" सरांनी विचारलं.

"आता काय उपयोग? एवढ्या लोकांनी ऐकलं."

जेवताना दोघं एकाच टेबलावर बसले आणि मंत्र्यांचा कोट राखी होता की तपकिरी, यावरून त्यांचं चांगलंच वाजलं. टेलरबाईंनी कापडाच्या बाबतीत आपण चुकणं शक्य नाही असं सांगितलं, आणि सरांनी तो कोट आपणच रोज झटकत होतो असं. निकाल लागला नाही. पण सरांनी त्यांना आपल्या गाडीने घरी सोडलं आणि वाटेत दुकानही पाहून आले. दुसऱ्या दिवशी ते किस्सेबाईंशी बोलायला लागले. पहिलं वाक्य होतं, "तुझी ती खांद्याची शिवण खरंच बाहेर आलीय."

सोमवारच्या अंकात खुलासा गेला. किस्सा तरुण टेलरबाईंच्या नावाने, वाक्य सरांच्या नावाने. चार-पाच सभासदांनी रागाने वर्गणी बंद केली. एकाने कळवलं की त्याने त्याच महिन्यात तीन साहेबांच्या तोंडी म्हातारा शिंपी घातलाय, आता त्याने काय करायचं? किस्सेबाईंनी त्याला फोन करून समजावलं, की चौथ्या साहेबांकडून दुरुस्ती करून घ्या, तेही छान वाटतं. बाकीच्यांनी नवा किस्सा उचलला. पूर्वी माना डोलायच्या, आता लोक हसून विचारायचे, कात्रीचं पुढे काय झालं? त्याचं उत्तर मात्र 'चार शब्द'कडेही नव्हतं, आणि सासूबाई ते अजून माफ करायला तयार नव्हत्या.

सरांना मात्र वेगळीच चटक लागली. एका सकाळी ते बाहेरच्या खोलीत आले आणि एक चिठ्ठी अवतरणकाकांपुढे ठेवून म्हणाले, "पुढच्या अंकात टाका. माझ्या नावाने."

काकांनी वाचलं. "छान आहे. तपासतो."

"तपासता काय? मी आत्ता लिहिलंय."

"तरी तपासतो."

दुपारी काकांनी चिठ्ठी परत दिली. हेच वाक्य, एक शब्द इकडेतिकडे, दोघांनी आधी म्हणून ठेवलं होतं. त्यातला एक आरमारातला माणूस होता. सर म्हणाले, त्या माणसाचं मी नावही ऐकलेलं नाही. काका म्हणाले, सगळे असंच म्हणतात. सर आत गेले आणि दार जरा जोरात लागलं.

दुसऱ्या दिवशी ते नवी चिठ्ठी घेऊन आले. काकांनी ती हातात घेतली आणि शोधायला सुरुवात केली. काल सर चिठ्ठी ठेवून आत गेले होते. आज गेले नाहीत. टेबलाच्या कडेला उभे राहून, पेपर तपासून मिळायची वाट बघणाऱ्या विद्यार्थ्यासारखे, ते काकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. किस्सेबाईंनी उठून त्यांच्यासाठी एक खुर्ची पुढे सरकवली.